ढवळे आजोबांचं उघडं दार

आग लागली ती माईणकर आजोबांच्या खोलीला अगदी चिकटून. माईणकर आजोबांना साधा चटकाही बसला नाही. आणि ढवळे आजोबा, ज्यांची खोली त्याच मजल्याच्या पार दुसऱ्या टोकाला, ते गेले. त्यांच्याही अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती. अंगावरचं पांघरूणसुद्धा जसंच्या तसं होतं. आता सांगा मुलांनो, आगीजवळचा माणूस वाचतो आणि लांबचा जातो, हे कसं काय?

शाल्मलीला हे कोडं सोडवायची काडीची हौस नव्हती. तिला ढवळे आजोबा परत हवे होते. ते काही होणार नव्हतं, म्हणून ती चिडली होती. सगळ्यांवरच चिडली होती, पण सगळ्यात जास्त माईणकर आजोबांवर. तो खडूस म्हातारा वाचला आणि ढवळे आजोबा गेले, हे तिला पटतच नव्हतं.

ही गोष्ट आहे थोडी पुढच्या काळातली. मिरजेच्या बाहेर 'सावली निवास' नावाची इमारत होती. ज्यांना एकट्यानं राहणं जमत नाही अशी माणसं तिथं राहायची. कुणाला दिसायचं कमी, कुणाला ऐकू यायचं कमी. शाल्मलीच्या आजीचं अर्धं अंग वाऱ्यानं गेलं होतं आणि ती बॅटरीच्या चाकखुर्चीतून फिरायची. आई-बाबा कामावर असायचे, म्हणून शाळा सुटली की शाल्मली तिथंच जायची. गेल्या गेल्या ढवळे आजोबांची हाक यायची, "आल्या का बाईसाहेब? या, आज कुणाला रडवून आलात?" त्यांचं दार कायम सताड उघडं असायचं, आणि आत कुणी ना कुणी गप्पा हाणत बसलेलं असायचं.

माईणकर आजोबांचं दार मात्र कायम बंद. वाजवलं तर आतून एकच शब्द, "काय?"

त्या दुपारी खाली डोळ्यांच्या तपासणीचं शिबिर होतं. आजीसकट सगळा मजला आपापली दारं लावून खाली गेलेला. वर दोघंच, माईणकर आणि ढवळे. जिन्याजवळच्या कोनाड्यात चाकखुर्च्यांच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावायचे, तिथं एक बॅटरी पेटली. धोक्याची घंटा वाजली. पण ढवळे आजोबा कानातलं यंत्र काढून झोपलेले. खालची माणसं धावली, आगही विझवली. ढवळे आजोबांपर्यंत पोहोचेपर्यंत मात्र उशीर झाला होता.

दोन आठवड्यांनी टेहळ्या आला. टेहळ्या म्हणजे इमारती तपासणारा यंत्रमानव. गुडघ्याएवढ्या चाकांचा, एका लांब लोखंडी हाताचा, छातीवर पडदा असलेला. हे नाव त्याला ढवळे आजोबांनीच ठेवलेलं. कुठलीही इमारत आगीच्या दृष्टीनं सुरक्षित आहे की नाही, हे तोच ठरवायचा.

शाल्मली त्याच्या आडवी उभी राहिली. "मागच्या वर्षी तूच पास केलंस ना रे आम्हाला?"

"हो," टेहळ्या म्हणाला. "सर्व दारे आपोआप बंद होत होती. सर्व दारे उघडत होती. इमारत सुरक्षित."

"मग माणूस मेला कसा?"

यंत्राला लाज नसते, म्हणून त्यानं सरळ उत्तर दिलं. "दाखवतो. दारांबाहेरची वाट रिकामी हवी."

आजी आणि बाकीचे जेवायला खाली होते, माईणकर आजोबा तेवढे नेहमीसारखे दार लावून आत. टेहळ्यानं तोंडाला बांधायला शाल्मलीला कापडी मुखपट्टी दिली आणि तिला मजल्याच्या मधोमध बसवलं. त्याच्या पोटात चाचणीचा गरम धूर करायची सोय होती. नाटकात सोडतात तसा, अपाय न करणारा. कोनाड्यापाशी जाऊन त्यानं तो सोडला.

"धूर कुठे जातो ते पाहा."

धूर आधी सरळ वर गेला. "गरम हवा थंड हवेपेक्षा हलकी असते, म्हणून ती वर चढते," टेहळ्या सांगू लागला. "छत लागले की तिला आणखी वर जाता येत नाही. मग ती आडवी पसरते."

खरंच, छताला चिकटून एक राखाडी पट्टा सरसर निघाला. तो माईणकर आजोबांच्या दारापाशी आला. दार बंद होतं. फटीतून थोडासा आत गेला असेल, बाकी सगळा पुढं सरकला. एकेका बंद दारावरून पुढं जात जात तो टोकाला पोहोचला. तिथं भिंत होती. पुढं जायला वाट नाही म्हटल्यावर धूर साचायला लागला आणि वरून खाली, खाली उतरू लागला. टोकाच्या खोलीचं दार टेहळ्यानं मुद्दाम उघडं ठेवलं होतं. ती खोली ढवळे आजोबांची. धूर आत शिरला आणि रिकाम्या पलंगापर्यंत उतरला.

शाल्मलीला ते बघवेना. पण तिनं मान फिरवली नाही.

"आगीत माणसे बहुतेक वेळा ज्वाळांनी जात नाहीत, धुराने जातात," टेहळ्या म्हणाला. "धुरात कार्बन मोनॉक्साइड (नीट हवा न मिळता काही जळाले की तयार होणारा, रंग नाही नि वास नाही असा विषारी वायू) असतो. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन (प्राणवायू सगळ्या शरीरभर वाहून नेणारा लाल पदार्थ) असते. हा वायू त्याला घट्ट चिकटतो. मग प्राणवायूला जागाच उरत नाही. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही."

"म्हणजे त्यांना कळलं नाही?"

"बहुधा नाही."

"आणि दार बंद असतं तर?"

"साधे लाकडी दारसुद्धा धुराला बराच वेळ अडवते. तेवढ्यात मदत पोहोचते. म्हणून इथल्या प्रत्येक दाराला स्प्रिंग आहे. दार सोडले की ते आपले आपण मिटते. टोकाच्या दाराची स्प्रिंग मी तपासली आहे. ती चांगली आहे. तरी त्या दिवशी दार उघडे होते. का, ते मला माहीत नाही."

शाल्मलीला माहीत होतं. सगळ्या इमारतीला माहीत होतं. दाराच्या कडीला जुन्या साडीची पट्टी बांधायची आणि दुसरं टोक खिडकीच्या गजाला, म्हणजे स्प्रिंग कितीही ओढो, दार मिटत नाही. यामागं कारण होतं. इथं एक अक्काताई राहायच्या. त्या न्हाणीत पडल्या, दार बंद, हाक कुणाला ऐकू गेली नाही. रात्रभर बिचाऱ्या तशाच पडून होत्या. तेव्हापासून सगळ्यांनी ठरवलं, आत असताना दार कायम उघडंच ठेवायचं, जाता-येता एकमेकांकडं बघायचं. पुढाकार अर्थातच ढवळे आजोबांचा. माईणकर तेवढे 'मला नको तुमची पहारेदारी' म्हणून बाजूला राहिले.

"मग तपासणीला तुला दारांना बांधलेल्या पट्ट्या दिसल्या नाहीत?" तिनं विचारलं.

"नाही. सर्व दारे बंद होती."

कशा दिसतील? तो यायच्या आदल्या दिवशी व्यवस्थापक हुद्दार साहेब कर्ण्यावरून सांगायचे, "उद्या तपासणी आहे, पट्ट्या सोडून ठेवा!" म्हाताऱ्यांची काय टाप नाही म्हणायची? मग सगळे दारं लावून आत गप्प बसायचे, टेहळ्या शेरा देऊन जायचा, आणि त्याची पाठ वळली की पट्ट्या परत जागेवर. टेहळ्यानं तपासलेली इमारत वर्षातून एकच दिवस अस्तित्वात असायची. इतर सगळे दिवस माणसं वेगळ्याच इमारतीत राहत होती.

शाल्मली तरातरा माईणकर आजोबांच्या दारापाशी गेली आणि तिनं धाडधाड दार वाजवलं.

"काय?"

"तुमचं दार बंद होतं म्हणून तुम्ही वाचलात. त्यांनी सगळ्यांसाठी दार उघडं ठेवलं आणि ते गेले. हे बरोबर आहे का?"

तिला वाटलं, आता ओरडा बसणार. दार उघडलं. माईणकर आजोबा काठीला धरून उभे होते.

"ढवळे रोज दुपारी माझं दार वाजवायचा," ते म्हणाले. "त्या दिवशीही वाजवलं. म्हणाला, चल, दोन डाव पत्ते टाकू. मी म्हटलं, जा, डोकं नको खाऊस. आत घेतला असता तर माझ्याबरोबर ओला टॉवेल दाराशी कोंबून खिडकीत उभा राहिला असता. तू मला काय विचारतेस पोरी? मी रोज तेच विचारतोय."

 शाल्मलीचा सगळा राग होता तिथंच राहिला, फक्त तो आता माईणकर आजोबांवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी हुद्दार साहेबांनी खालच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. "ढवळे नियम मोडल्यामुळे गेले," ते म्हणाले. "आता दारांना जास्त ताकदीच्या स्प्रिंगा बसवल्या आहेत. कुणी दार बांधून ठेवलेलं दिसलं तर त्याला इथं राहता येणार नाही."

एका वाक्यात त्यांनी हात झटकले. शाल्मलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं आल्या आल्याच बघितलं होतं, आजीनं चांगल्या हातानं आपलं दार ओढून पाहिलं होतं. ते तसूभर हललं आणि पुन्हा मिटलं. आजी हसून म्हणाली होती, "चला, म्हणजे आता आम्ही कोठडीत."  आत पडली तर कुणाला दिसणार नाही, आणि आग लागली तर तिला बाहेर येता येणार नाही. आजीला इथं ठेवायचं तरी कसं, आणि दुसरीकडं न्यायचं तरी कुठं?

"टेहळ्या," शाल्मली मोठ्यानं म्हणाली, "नव्या स्प्रिंगांची दारं उघडतात का?"

टेहळ्यानं हॉलशेजारच्या खोलीच्या दाराशी जाऊन आपला लोखंडी हात लावला आणि दार सहज ओढलं. "उघडतात."

"बघा!" हुद्दार साहेब म्हणाले.

"अरे, पण तू राहतोस का त्या खोलीत?" शाल्मली ओरडली. "तुझ्या नियमात काय लिहिलंय? दार कुणाला उघडता आलं पाहिजे?"

टेहळ्यानं लगेच वाचून दाखवलं. "नियमात आहे, 'आत राहणाऱ्या व्यक्तीला'."

"मग तिला विचारलंस का कधी?"

"मला तशी आज्ञा नव्हती. मी माझ्याच हाताने तपासत आलो."

"आजी, जा गं. तू उघड."

 आजीनं खुर्ची पुढं नेली, मूठ धरली, अंगातला सगळा जोर लावला. तिच्या कपाळावर घाम आला. दार हललं नाही. टेहळ्यानं बारीक आवाजात विचारलं, "आणखी कोण?" आणि एकेक जण पुढं येऊ लागला. एकालाही दार पूर्ण उघडता आलं नाही.

टेहळ्याच्या छातीवरचा पडदा लाल झाला. 'इमारत असुरक्षित.'

"अहो, मग करायचं तरी काय?" हुद्दार साहेब वैतागले. "बंद ठेवलं तरी वाईट, उघडं ठेवलं तरी वाईट!"

"उपाय आहे," टेहळ्या म्हणाला. "दारामागच्या भिंतीवर विद्युतचुंबक (वीज वाहते आहे तोपर्यंतच चुंबक असणारे लोखंड) बसवायचा. दाराला लोखंडी चकती. एरवी चुंबक दाराला धरून ठेवतो, म्हणून दार उघडे राहते. धूर ओळखणाऱ्या यंत्राला धूर जाणवला की वीज तुटते. वीज तुटली की चुंबक चुंबक राहत नाही. दार सुटते आणि स्प्रिंगने मिटते. स्प्रिंग हलकीच हवी, म्हणजे आतल्या माणसाला उघडता येईल."

"आणि आपली नेहमीची लाईट गेली तर?" मागून माईणकर आजोबांनी विचारलं. त्यांना हॉलमध्ये आलेलं बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"तरी दार मिटेल. म्हणजे बिघाड झाला तरी तो सुरक्षिततेच्या बाजूनेच होईल. चांगल्या यंत्राची रचना अशीच करतात."

"हे नवीन निघालंय का?" आजीनं विचारलं.

"नाही. हे फार जुने आहे. तुमच्या लहानपणीही होते."

आजीनं डोळ्यांना पदर लावला. ढवळे आजोबांसाठी तो हॉल त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणी रडला.  पडदा लाल होता आणि तो बदलायचा अधिकार हुद्दार साहेबांना नव्हता, म्हणून चुंबक बसले. एरवी बसले असते की नाही, मला शंकाच आहे. बॅटऱ्या चार्ज करायची जागाही इमारतीबाहेर, अंगणातल्या वेगळ्या पत्र्याच्या खोलीत गेली. टेहळ्या आता न सांगता येतो, आणि दाराला आपला हात न लावता खोलीतल्या माणसाला म्हणतो, "तुम्ही उघडून दाखवा."

त्रास अजिबात नाही असं नाही. लाईट गेली की सगळ्या मजल्याची दारं एकदम मिटतात आणि म्हातारी माणसं टेहळ्याच्या नावानं बोटं मोडतात. पण पट्ट्या कुणी बांधत नाही.

काही महिन्यांनी टोकाच्या खोलीत रुक्मांगदाबाई नावाच्या नव्या आजी राहायला आल्या. त्यांना नीट दिसत नव्हतं. शाल्मलीनं त्यांचा हात धरून त्यांना दाराची चकती, भिंतीवरचा चुंबक, छतावरचं धूर ओळखणारं यंत्र कुठं आहे ते सगळं सांगितलं. धूर कसा चढतो, कसा पसरतो, कसा उतरतो, तेही सांगितलं. मग चुंबकाची वीज तोडणारं चाचणीचं बटण दाबून दाखवलं. दार सुटलं आणि हळूच मिटलं. रुक्मांगदाबाईंनी मूठ चाचपली आणि ते आपलं आपण उघडलं.

"छान आहे गं," त्या म्हणाल्या. "एवढंसं तर आहे. माझ्याआधी इथं जे राहायचे, त्यांनाही होतं ना हे?"

"नव्हतं," शाल्मली म्हणाली.

"का बरं?"

इतका वेळ तिला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर येत होतं. या प्रश्नाचंही येत होतं.

"आम्ही ते गेल्यावर विचारलं, आजी," ती म्हणाली. मग तिनं दप्तर उचललं. रस्त्यापलीकडं अंध मुलांचं वसतिगृह होतं, तिथं आधीच विचारायचं होतं, आणि टेहळ्या फाटकाशी तिची वाट बघत उभा होता.