नऊ इंच सरकलेली भिंत

भिंत नऊ इंच चुकली आणि मला आनंद झाला. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला शहाणी-बिहाणी म्हणायला नको.

आम्ही राहतो त्या पठारावर नवं हवामान केंद्र बांधताहेत. माझी आई तिथली इंजिनियर. दीड वर्ष झालं, आम्ही दोघी पत्र्याच्या खोलीत राहतोय. माझी शाळा पडद्यावर भरते. शाळा सुटली की पडदा काळा होतो आणि पठारावर माझ्या वयाचं चिटपाखरू नसतं. वारा असतो, पण त्याच्याशी बोलून बोलून किती बोलणार? आई दिवसभर कामावर. बोलायला हक्काचं माणूस एकच, सिद्राममामा. अक्कलकोटकडचे गवंडी. बाकी बरीच कामं यंत्रं करतात, पण वारा अडवणारी दगडी भिंत यंत्रांना जमत नाही, म्हणून त्यांना बोलावलेलं. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन त्यांच्याशेजारी बसायची. भाकरी मोडता मोडता ते मला सांगायचे की कुठला दगड कसा हट्टी असतो. उत्तरेकडची भिंत संपली की ते जाणार होते. मला दिवस मोजायचे नव्हते, तरी मी मोजत होते.

दसऱ्याला आई आणि मी साताऱ्याला मावशीकडे गेलो होतो. परत आल्यावर आईने कामाचा चष्मा लावून भिंत पाहिली आणि तिचा चेहराच उतरला.

हा चष्मा साधा नाही. त्यातून समोरची खरी जागा दिसते आणि तिच्यावरच नकाशातली इमारत रेषांनी काढलेली दिसते. याला संवर्धित वास्तव (खरं जग तसंच ठेवून त्यात चित्राची भर घालणं) म्हणतात. खिडकी कुठे येणार, भिंतीतून पाइप कुठून जाणार, सगळं आधीच दिसतं. बांधलेलं आणि काढलेलं एकमेकांवर बसलं की काम बरोबर. आईला हिरवी रेषा भिंतीच्या कडेपासून नऊ इंच बाजूला दिसत होती.

"मिस्त्री, भिंत उतरवावी लागेल," आई म्हणाली.

"ओळंबा लावून बघा की मॅडम. सरळ हाय भिंत."

"सरळ आहे हो. जागा चुकली आहे."

उतरवून पुन्हा बांधायची म्हणजे आणखी एक महिना. मी मनातल्या मनात उड्या मारल्या.

पण दुसऱ्या दिवशी मामांनी भाकरीला हातच लावला नाही. "तीस वर्षांत माझा बसवलेला दगड कुणी काढला नव्हता," एवढंच बोलले आणि पाठ करून बसले. मीही शेजारी बसून राहिले. कुणी नसताना एकटं वाटतं त्याची मला सवय होती. माणूस शेजारी असून एकटं वाटणं त्याहून वाईट असतं, हे मला तेव्हा कळलं.

भिंत उद्यापासून उतरवणार होते. मला काही सुचेना. आईचा चष्मा मागून घेतला आणि उगाच इकडेतिकडे फिरत राहिले. जिन्याकडे पाहिलं तर जिन्याची रेषाही बाजूला. हा जिना मे महिन्यात तपासलेला, तेव्हा रेषा अगदी बरोबर बसली होती. मी स्वतः पाहिलं होतं. मग खांब पाहिले. तेही सरकलेले, त्याच बाजूला, तेवढेच नऊ इंच. माणसाची चूक अशी नसते. माणूस इथे दोन इंच चुकेल, तिथे चार. आख्खी इमारत एकसारखी सरकवायला भूतच लागेल.

म्हणजे इमारत जागेवर होती. चष्माच चुकत होता.

आईने मला एकदा समजावलं होतं. चष्म्याला आपण कुठे उभे आहोत हे आपलं आपल्याला कळत नाही. डोळे बांधलेला माणूस दाराची चौकट चाचपतो आणि तिथून पावलं मोजत खोलीत फिरतो, तसं त्याचं असतं. चष्म्याची चौकट म्हणजे संदर्भखूण (जिथून सगळी मापं धरतात ती ठरलेली जागा). आमच्याकडे ती खूण म्हणजे एका रुंद खांबावर लावलेली काळ्यापांढऱ्या चौकोनांची पाटी. पाटी दिसली की तिच्यापासून मोजून चष्मा सगळं चित्र मांडतो. चौकटच सरकली तर डोळे बांधलेला माणूस भिंतीवर आपटणारच.

मी खांबापाशी गेले. पाटी मधोमध होती. डाव्या कडेला स्क्रूची चार रिकामी भोकं होती. त्या भोकांपासून पाटीच्या स्क्रूपर्यंत टेप धरली. नऊ इंच.

मी तिथेच खाली बसले. गप्प राहिलं तर महिनाभर मामा इथेच. मला कुणी विचारणारही नव्हतं. मग मामांची ती पाठ आठवली आणि उठले.

"मामा, ती पाटी कुणी हलवली?"

"मीच की. खंडेनवमीला थापी, ओळंबा, सगळी अवजारं पुजली. म्हटलं, हे पण अवजारच. काढून हळदकुंकू लावलं, हार घातला. परत लावायला गेलो तर बघतो, खांबाच्या कडेला लावलेली. डोळ्याला बरं दिसंना. मग मधोमध लावली."

मी सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून नीट समजून घेतलं आणि माझ्याआधी तेच आईकडे गेले. "मॅडम, पाटी मी हलवली. चूक माझी हाय."

"माझी जास्त," आई म्हणाली. "रोज खूण तपासायला हवी होती. मी आंधळेपणाने चष्म्यावर विसंबले."

पाटी जुन्या भोकांवर लावली. हिरवी रेषा भिंतीच्या कडेवर येऊन बसली.

शनिवारी भिंत संपली आणि मामांचं सामान टेम्पोत चढलं. निघताना त्यांनी पहिल्यांदाच चष्मा लावला आणि भिंतीकडे पाहत उभे राहिले.

"मी गप्प बसले असते तर तुम्ही अजून महिनाभर राहिला असता," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. "राहिलो असतो, पोरी. पण तुझ्याशी बोललो नसतो."

टेम्पो उतारावरून दिसेनासा झाल्यावर मी खूप रडले.

आता आमच्याकडे दोन पाट्या आहेत. एकट्या खुणेला आपण सरकलोय हे कळत नाही. दुसरी असली की एक सरकताच दोघींमधलं अंतर बदलतं आणि चष्मा लगेच ओरडतो. रोज सकाळी ते अंतर मी तपासते. पुढच्या कामावर पहिली खूण मी लावायची, असं आईने कबूल केलंय.

सोमवारी दुपारी मी डबा घेऊन तिच्या टेबलापाशी गेले. ती नकाशांत डोकं घालून बसली होती.

"आई, मला इथे बसायचंय," मी म्हणाले.

तिने नकाशे गुंडाळून खाली ठेवले आणि स्वतःचाही डबा उघडला.