दाजींवर टाकलेलं भय

तुम्ही हसाल, हे धरूनच लिहितोय. त्या दुपारी मीही हसलो होतो, सगळ्यांत मोठ्याने. पण यातलं काहीही रचलेलं नाही.

रविवारची दुपार. चष्म्याच्या बंद दुकानाची मागची खोली. दुकानदार आमचा मास्तर, म्हणजे खेळातली गोष्ट सांगणारा. टेबलाभोवती बाकी आम्ही पात्रं. कुणी चोर, कुणी मांत्रिक. ताईचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, योद्धा.

दाजी लिफ्ट दुरुस्त करतात. शौर्य दहाव्या मजल्याचं, पण ताईने हाक मारली की थेट तळमजला.

त्या दिवशी खेळातल्या चेटकिणीने दाजींच्या योद्ध्यावर भय टाकलं.

नियम साधा. ज्याची भीती बसली ते डोळ्यांसमोर असेपर्यंत त्याच्याकडे एक पाऊलही टाकता येत नाही. आपला टर्न आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर सुटका.

मास्तरची वर एक खोड. भीती कशाची, ते खेळाडूनेच बोलायचं. आणि सुटेपर्यंत खुर्ची टेबलापासून मागे ओढून बसायचं.

"बोला दाजी, कशाला घाबरता?"

"मी? कुणाच्या बापाला नाही!"

"असं नाही चालत. समोर बघा, दिसेल त्याचं नाव घ्या."

दाजींनी मान वर केली. दारात टिकली उभी. त्यांची लेक, पहिलीतली. आई बाहेर थांबलीये, चला, म्हणून सांगायला आलेली.

"घ्या! हिला घाबरतो. घरात हिचंच तर राज्य!"

हशा पिकला. दाजींनी खुर्ची मागे ओढली… कर्रर्र.

ताई खोळंबली होती. खेळ तिथेच आवरला.

दाजींचा टर्न राहिला.

पायरीवर टिकलीने त्यांचं बोट धरायला हात पुढे केला.

दाजी मागे सरकले.

"तू घे रे तिला," मला म्हणाले. कपाळावर घाम.

मला वाटलं, नाटक. माणूस पक्का नकलाकार.

संध्याकाळी त्यांच्या घरी टिकली धावत त्यांच्याकडे निघाली. आणि…

कर्रर्र.

खुर्ची ओढल्याचा आवाज. घरातल्या सगळ्या खुर्च्या जागच्या जागी. दाजी मात्र भिंतीला पाठ लावून उभे. चेहरा पांढराफटक.

आठवडाभर तेच. तिने पाऊल उचललं की… कर्रर्र. पापा घेतल्याशिवाय लेकीला झोपू न देणारा माणूस उंबऱ्याबाहेर थांबायला लागला.

"मामा, बाबा माझ्यावर रागावलेत?"

मी तिला बाहेर फिरायला नेलं.

पुढच्या रविवारी मास्तरने खेळ तिथूनच उचलला. फासा घरंगळला…

अठरा!

"सुटलात दाजी!"

दाजी पळतच घरी. मी मागोमाग. टिकली खोलीच्या त्या टोकाला. दाजींनी हात पसरले. न अडखळता तिच्याकडे चालत गेले. आणि…

कर्रर्र.

या वेळी भिंतीला टिकली चिकटली होती.

"मामा, त्यांना थांबव."

बाबांना नाही म्हणाली. त्यांना म्हणाली.

मास्तरला बोलावलं. त्याने टिकलीला एक पात्र दिलं, टर्न दिला, हातात फासा दिला. तिने टाकला.

वीस. याहून मोठा आकडा त्या फाशावर नाहीच. ताईने हात जोडले. दाजींनी हलकेच एक पाऊल टाकलं…

कर्रर्र.

मास्तरने फासा उचलून खिशात घातला.

"तिच्यावर भय कुणी टाकलंच नव्हतं रे," तो म्हणाला. "मग मी उतरवू कुठून?"

आता दाजी ती उठायच्या आत कामावर जातात, झोपल्यावर परततात. परवा जिन्यात गाठलं.

"दाजी, तुम्हाला अजून वाटते भीती तिची?"

"नाही ना." ते पायरीवर टेकले. "होती तेव्हा बरं होतं. पाय आपोआप अडायचे. आता रोज मलाच अडवावे लागतात."

काल टिकलीने मला पाणी आणून दिलं. पेला टेबलावर ठेवला. हातात दिला नाही.

उगाच असेल.

उगाचच असेल…