मधला चढ

वीज गेलीय तर या असे जवळ. मोबाइल खिशात ठेव रे, त्याच्या उजेडात गोष्ट मेली म्हणून समज. सांगतो ते माझ्या ओळखीच्या गादीवाल्याचं. खोळीचं कापड तो माझ्याकडूनच नेतो. भावात घासाघीस करील, पण थापा मारणाऱ्यातला नाही.

गेल्या थंडीतली गोष्ट, मंगळवारची. सकाळी एक जण मोठी गादी टेम्पोत टाकून त्याच्या दुकानी आला. म्हणाला, "हिच्या दोन करून द्या. पोरांच्या पलंगांना. उद्या नेतो."

गादीवाल्याने गादी लगेच ओळखली. ओळखणारच, दर दोन वर्षांनी तोच त्या घरी जाऊन ती उसवून, कापूस पिंजून परत भरायचा. गादी त्या गृहस्थाच्या आईवडिलांची. उभा जन्म दोघं तिच्यावर झोपली आणि पंधरवड्यापूर्वी तिच्यावरच, झोपेतच, एका रात्रीत दोघंही गेली. आधी कोण, मागून कोण, डॉक्टरलाही सांगता आलं नाही.

गादीला दोन खड्डे, एक त्या काकांचा, एक काकूंचा. मधे उंचवटा. काकू दर वेळी सांगायच्या, "भाऊ, तेवढा मधला चढ काढा बघू. यांच्याकडे जायचं म्हणजे धाप लागते."

पेपराआडून काका म्हणायचे, "मग येऊ नकोस. आमंत्रण कुणी दिलंय?"

गादीवाला चढ काढायचा, सहा महिन्यांत तो परत यायचा. आणि काकूंची एक खोड होती. काम करता करता आतून हाक मारायच्या, "अहो?"

"हूं."

"काही नाही."

"काही नाही, तर हाक कशाला मारता हो काकू?" गादीवाल्याने एकदा विचारलंच.

"आहेत का ते बघते."

"रात्रीसुद्धा बघते!" काका म्हणाले. "एकदा 'हूं' म्हणायला उशीर झाला, तर दिवा लावून नाकापुढे बोट धरलं हिने."

हे सगळं आठवून गादीवाल्याची कात्री जरा अडली. पण बायको गेल्यावर त्याने स्वतःची गादीही अशीच कापली होती. एकट्या माणसाला ती अख्खी गादी म्हणजे मैदान वाटायची. उरलेला अर्धा भाग कुणा गिऱ्हाइकाला गेला, आणि तेव्हापासून हा दुकानातच झोपतो. घरी जाऊन कुणाशी बोलणार? माणसं गेली की उरतो तो कापूस, असं मनाशी म्हणत त्याने कात्री चालवली.

संध्याकाळपर्यंत दोन गाद्या तयार. एक शटरजवळ टेकवली, दुसरी मागच्या भिंतीला. शटर ओढलं, दिवा मालवला आणि दोन्हींच्या मधे हा आडवा झाला.

मध्यरात्र उलटली असेल.

"अहो?"

डोळे न उघडताच तो हसला. किती वर्षांनी त्याला कुणी 'अहो' म्हणत होतं! झोपेतच ओ दिली, "हूं."



मग शटरकडून आवाज आला, "तुम्ही नव्हे हो, भाऊ... हे कुठे गेले?"

त्याची झोप उडाली.

"अहो?"



"अहो..."

आवाज बारीक झाला होता. वाट चुकलेल्या माणसासारखा. मागच्या भिंतीकडची गादी खसखसली. आतून कुणी चाचपडत होतं. तोंडात कापूस कोंबल्यासारखं काहीतरी... शब्द फुटत नव्हता.

पळायचं तर शटर तिकडेच. पण तो मला म्हणाला, "शेठ, शटर उघडं असतं तरी हललो नसतो. ती हाक तशीच सोडून कसा जाणार?"

त्याने दिवा लावला. दोन्ही गाद्या ओढून शेजारी शेजारी टाकल्या. कडा उसवल्या. कापूस कापसाला लावला. दाभण घेतलं. ते बोटात टोचत होतं. खोळीखाली हाक चालूच.

"अहो..."

टाका.

"अहो..."

टाका.

शेवटची गाठ मारली. दोरा तोडला.

"अहो?"

...

"हूं."

"काही नाही."

उरलेली रात्र तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होता. त्या दोघांनी परत काही त्याला विचारलं नाही. तो तिथे आहे की नाही, हेसुद्धा.

सकाळी मुलगा आला तो तडकलाच. "दोन सांगितल्या होत्या ना? आणि हे काय, तुम्ही झोपलात हिच्यावर?"

गादीवाल्याने वळून पाहिलं. ताजी भरलेली गादी, शेवटच्या टाक्यानंतर तिच्यावर कुणी बसलंही नव्हतं. कडेचे दोन खड्डे नव्हते. मधला चढ नव्हता. बरोबर मधोमध एक खड्डा होता.

"दोन नव्या करून देतो तुला," तो म्हणाला. "ही राहू दे."

मुलगा खड्ड्याकडे बघत राहिला. मग रिकामाच टेम्पो घेऊन निघून गेला.

गादी अजून त्या दुकानात आहे. दिवा मालवल्यावर गादीवाला रोज अंधारात एकदा "हूं" म्हणून बघतो. त्याला कुणी काही म्हणत नाही.

गेल्या आठवड्यात मी कापड द्यायला गेलो होतो. म्हटलं, आपणच बघू. दोन्ही हातांनी थोपटून गादी अगदी सपाट केली. चहा घेतला. वळून पाहिलं...

मधोमध खड्डा. एकच. दोघं बिलगून झोपतील एवढा.