सकाळी अकराची पोस्ट

क्लासात दहा कॉम्प्युटर होते आणि त्यांतले तीन बंद, म्हणून तो माझ्या शेजारी येऊन बसला. एवढंच कारण. आठवा कॉम्प्युटर चालू असता तर तो तिकडे बसला असता आणि मला आज हे लिहावं लागलं नसतं.

नेवाशात, एसटी स्टँडच्या मागे, खताच्या दुकानाच्या वर आमचा क्लास भरायचा. सोशल मीडिया आणि डिजिटल माध्यमं, तीन महिने, शेवटी सर्टिफिकेट. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि वर्गात आपल्याइतकं हुशार कोणी नाही, याची मला पक्की खात्री होती. असली खात्री माणसाला महागात पडते, पण ते कळायला मला बराच वेळ लागला.

तो आला तेव्हा बाहेर भुरभुर चालू होती. शर्टाचे खांदे भिजलेले, कपाळावरून पाणी ओघळतंय आणि अंगाला भाजलेल्या खोबऱ्याचा आणि लसणाचा असा वास, की माझी भूकच खवळली.

"इथं कोन बसतंय?" त्यानं रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं.

"पावसात भिजलेले लोक," मी म्हटलं.

"मंग बरोबर जागी आलो."

बसला. सरांनी नाव टाईप करायला सांगितलं तर एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, 'कानिफनाथ' लिहायला त्यानं दोन मिनिटं घेतली. मी बघत होते आणि हसू दाबत होते.

"बाकीची नऊ बोटं कशाला ठेवलीत?"

"ती भाजल्याली हाईत." त्यानं खरंच हात पुढं केले. बोटांची टोकं लाल होती. नेवासा फाट्यावर त्याच्या आईची खानावळ होती. तिथं तो मासवडी थापायचा. शिजलेलं बेसन चुलीवरून उतरलं की ओल्या फडक्यावर लगेच थापावं लागतं, वर तीळ, खोबरं, लसूण, कोथिंबीर पसरून गुंडाळावं लागतं. थंड झालं की चिरतं. "त्येच्यामुळं भाजू द्यायची बोटं," तो म्हणाला, "लाड केले की मासवडी रुसती."

मला त्याचं बोलणं आवडलं. बोटंही आवडली, पण हे तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात सरांनी प्रोजेक्ट दिलं. एका कॉम्प्युटरवरचे दोघं मिळून एक खरंखुरं पेज दोन महिने चालवायचं. कानिफनाथ आणि मी 'बायडाबाईंची मासवडी' नावाचं पेज काढलं. बायडाबाई म्हणजे त्याची आई. पहिला व्हिडिओ त्यानं एकट्यानं काढून आणला. पंधरा मिनिटांचा. बेसन रटरटतंय आणि पळी फिरतेय, दुसरं काही नाही.

"हे पंधरा मिनिटं कोण बघणार?" मी विचारलं.

"ज्याला भूक लागली त्यो."

"सरांनी काय सांगितलंय? पहिल्या तीन सेकंदांत माणूस धरायचा."

"तीन सेकंदांत?" त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "मला तर तुमच्याशी धड बोलायलाच आठ दिवस लागले, मॅडम."

मी मान खाली घातली आणि व्हिडिओ कापायला लागले. चौदा मिनिटं चाळीस सेकंद उडवले. उरलेल्या वीस सेकंदांत दोन लाल हात, वाफ आणि फडक्यावर थापलं जाणारं पिवळंजर्द बेसन. तो व्हिडिओ सतरा हजार लोकांनी पाहिला. श्रीरामपूरहून, नगरहून गाड्या थांबायला लागल्या. त्यानंतर एकदा मी शूटिंगसाठी खानावळीत गेले तर बायडाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मुलाला विचारलं, "मोबाईल धरनारी हीच व्हय?"

"व्हय."

"धरू दे मंग," त्या म्हणाल्या आणि मला पाट दिला. त्या 'धरू दे'मध्ये त्यांनी काय काय घातलं होतं, ते कानिफनाथच्या कानांच्या रंगावरून कळत होतं.

आता फोनचं सांगते. माझं व्हॉट्सअॅप घरच्या लॅपटॉपवर कायम उघडं असायचं आणि लॅपटॉप माझ्या भावाचा, रविदादाचा. तो मुद्दाम वाचायचा नाही, पण नजर सगळीकडे. तेव्हा कानिफनाथला माझा नंबर देणं शक्यच नव्हतं. मग मला एक युक्ती सुचली, कारण मी हुशार. पोस्ट लिहून ठेवायची पण लोकांना दाखवायची नाही, तिला ड्राफ्ट म्हणतात. पेज आम्ही दोघंच चालवायचो, आपापल्या लॉगिननं. त्यानं ड्राफ्टमध्ये लिहायचं, मी वाचायचं आणि पुसून टाकायचं. मी लिहायचं, त्यानं पुसायचं. वाचलं की पुसलं, हा नियम माझाच.

"आज क्लासात तुमी हसला न्हाई."

"दाढ दुखत होती."

"मंग उद्या मऊ काय आनू?"

"मासवडी मऊच असते."

"म्हंजे आनू?"

"मी असं कुठे म्हटलं?"

दुसऱ्या दिवशी माझ्या कीबोर्डशेजारी डबा होता आणि हा शेजारी बसून एका बोटानं काहीतरी टाईप करत असल्याचं नाटक करत होता. मी सगळी खाल्ली. त्याला एक वडीही विचारली नाही. तो खूश दिसत होता.

असं दीड महिना चाललं. कॉलेजात लेक्चर चालू असताना मी बाकाखाली पेज उघडायचे आणि नवीन ड्राफ्ट दिसला की फळ्यावरचं काही दिसायचंच नाही. वेडी झाले होते, दुसरा शब्द नाही.

प्रोजेक्ट संपायला आठवडा राहिला होता. रविवारी दुपारी पेज उघडलं. त्यानं लिहिलं होतं,

"राजनंदिनी, तोंडानं बोलायला गेलो की जीभ जड व्हती म्हनून लिहितो. तुमी मला लई आवडता. आईला सांगितलंय. ती म्हनली आदी पोरीला इचार, तिच्या मनात आसंल तर मानसं पाठवू. तर इचारतोय. हो म्हना, न्हाई म्हना, पन काय ते सांगा. मी वाट बघतो."

मी ते सहा वेळा वाचलं. उत्तर एका शब्दाचं होतं आणि ते माझ्या ओठांवर होतं. पण मला वाटलं, दोन दिवस बघू दे वाट. थोडं तंगवू. पोरींनी इतक्या पटकन हो म्हणायचं नसतं, असं मैत्रिणी म्हणतात, आणि त्याची तगमग शेजारी बसून बघायची मला हौस होती. पुसलं मात्र नाही. सातव्यांदा वाचायचं होतं ना.

त्याच दिवशी संध्याकाळी प्रोजेक्टचं शेवटचं काम होतं. पुढच्या आठवडाभराच्या पोस्ट आधीच लावून ठेवायच्या, रोज सकाळी अकराला एक आपोआप पडेल अशा. सात पोस्ट मी ड्राफ्टमध्ये तयार ठेवल्या होत्या. एकेक निवडायचा कंटाळा केला. सगळ्यांना एकदम टिक केली आणि वेळ लावून मोकळी झाले. सात नव्हत्या, आठ होत्या.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी कॉलेजात होते. सव्वाअकराला मैत्रिणीनं फोन माझ्यापुढे धरला. बायडाबाईंच्या मासवडीच्या पेजवर, दोन हजार लोकांसमोर, माझं नाव. खाली हसणारे चेहरे. 'वहिनी, हो म्हणा की.' 'आमच्या गावची हाय का ही?' मी लगेच पोस्ट काढून टाकली, पण तोवर तिचे फोटो निघून गावच्या ग्रुपवर फिरले होते.

घरी पोचले तेव्हा रविदादा अंगणात येरझाऱ्या घालत होता. "क्लास बंद," तो म्हणाला. "कॉलेज बंद. आनि त्या मासवडीवाल्याकडं मी बघतो."

अण्णा, म्हणजे माझे वडील, घरात बसले होते. त्यांनी त्याला बाहेरच थांबायला सांगितलं आणि दार लोटलं. आवाज चढवला नाही. "नंदे, येकदाच इचारतो. तुझ्या मनात काय हाय का?"

मला अण्णांचा चेहरा दिसत होता आणि दाराबाहेर दादाच्या चपला वाजत होत्या. मी त्या चपला ऐकल्या.

"नाही," मी म्हटलं. "मी त्याच्याशी कधी धड बोललेसुद्धा नाही. त्यानं मनानंच लिहिलंय."

अण्णांनी थोडा वेळ वाट पाहिली. मी आणखी काही बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मग ते उठले.

दुसऱ्या दिवशी अण्णा आणि दादा मला घेऊन क्लासात आले. सरांनी कानिफनाथला बोलावलं. सगळी पोरं माना वळवून बघत होती. सर म्हणाले, "यात भांडायचं कारणच नाही. कुठली पोस्ट कोणी लावली ते पेजवर नावानिशी दिसतं. बघूनच घेऊ."

तिथं माझं नाव होतं.

कानिफनाथनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. सगळं त्याला तिथल्या तिथं कळलं असणार, कारण त्यानं पुढं होऊन माऊसवर हात ठेवला. "नका बघू, सर. मॅडमचं लॉगिन उघडं हुतं, त्यातनं मीच टाकली. त्येंचा काय संबंध न्हाई."

"खरं का?" सरांनी मला विचारलं.

मी एक शब्द बोलायला हवा होता. एकच. माझं तोंड उघडलंसुद्धा. आणि मी मान हलवली — हो, खरं.

त्यानं कागदावर माफीनामा लिहून दिला. सर्टिफिकेट नाही, क्लास बंद, पेज काढून टाकायचं. ते त्यानं आमच्यासमोर काढलं, एका बोटानं, सावकाश. सतरा हजार लोकांनी पाहिलेला तो व्हिडिओही त्याच्याबरोबर गेला. जाताना अण्णांच्या पाया पडला आणि माझ्याकडे न बघता जिना उतरला.

क्लासात मला पहिला नंबर मिळाला. कॉलेज अण्णांनी बंद होऊ दिलं नाही. पुढे एसटीनं फाट्यावरून कॉलेजला जाताना खानावळ आली की मी पलीकडच्या खिडकीतून बघायचे. तिथं नुसते उसाचे ट्रॅक्टर उभे असायचे. कधी वाटायचं, उतरावं. मग वाटायचं, पुढच्या वेळी. चार महिने मी पुढच्या वेळी उतरणार होते.

फेब्रुवारीत मला एक स्थळ आलं. अण्णा गव्हाला पाणी धरत होते. मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. जेवता जेवता ते सहज म्हणाले, "ह्ये स्थळ बरं हाय. पन खरं सांगू, मासवडीवाल्या बाईचं पोरगं मला मनातनं आवडलं हुतं. त्या दिशी तू घरी यायच्या आदीच फोनवर चौकशी केल्ती म्या. सोयरिकीत बसत हुतं, निर्व्यसनी हाय. म्हनूनच तर तुला दार लावून इचारलं. तुझ्या मनात नव्हतं, म्हनून म्या इषय सोडला."

मी हातातला तांब्या बांधावर ठेवला. मी तिथंच बसले आणि सगळं सांगितलं. ड्राफ्ट, सहा वेळा वाचणं, तंगवणं, आठवी टिक, माऊसवरचा त्याचा हात. अण्णांनी भाकरी तशीच फडक्यात बांधली.

"माजं जाऊ दे," ते म्हणाले. "त्या पोराला चार लोकांत खोटं पाडलंस. चल."

"आत्ता?"

"मंग कवा?"

आम्ही गाडीवरून फाट्यावर गेलो. दुपारची वेळ, खानावळ भरलेली. बायडाबाईंनी मला ओळखलं आणि पदर खोचता खोचता थांबल्या. आतून कानिफनाथ आला. हातांना बेसन लागलेलं होतं. तो बारीक झाला होता, की मलाच तसं वाटलं.

"पाहुणं, बसा," तो अण्णांना म्हणाला.

"मी बसायला नाही आले," मी म्हटलं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. जेवणारे वर बघायला लागले. "ती पोस्ट यांनी नाही, मी लावली होती. माझ्या चुकीनं. आणि मी यांच्याशी रोज बोलत होते. घरी खोटं बोलले, क्लासात खोटं बोलले. आणि यांनी जे विचारलं होतं… त्याला माझं हो होतं. त्याच दिवशी होतं."

अण्णांनी बायडाबाईंपुढे हात जोडले. "पोरीचं चुकलं. लोकांत चुकलं, म्हनून लोकांतच सांगायला आनलं."

कानिफनाथ हाताचं बेसन पुसत राहिला. पुसून झालं तरी पुसत राहिला.

"मला त्या दिवसाचा राग न्हाई," तो हळू म्हणाला. "घाबरतं मानूस. पन दुसऱ्या दिवशी मी वाट बघितली. मंग आठवडाभर. मंग दिवाळी गेली, संक्रांत गेली… तुमी कुनाकडनं तरी निरोप धाडाल, आसं वाटायचं."

"मी एसटीतून रोज…"

"रविवारी साखरपुडा झाला माजा," तो म्हणाला. "सोनईची हाय. तिला मी शब्द दिलाय."

मागच्या रविवारी. आठ दिवसही झाले नव्हते. मी त्याच्याकडे बघितलं. तो शब्द मोडायला मी सांगावं, असं क्षणभर त्याच्याही डोळ्यांत आलं, मला दिसलं ते. पण मी कोणत्या तोंडानं सांगणार होते?

"शब्द मोडू नका," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. मग पहिल्यांदाच, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, मला 'तू' म्हणाला. "आलीस ते बरं केलंस, नंदिनी."

परत येताना अण्णा गाडी चालवत होते आणि मी मागं बसून रडत होते. आमच्या गावाचा फाटा आला. अण्णांनी गाडी तिकडे वळवली नाही, सरळ पुढं नेली.

"अण्णा, घर…"

"घरी रवी हाय," ते मागं न बघता म्हणाले. "रडून घे तवर."