आरशावरचे काळे कापड

ही हकीगत कपोलकल्पित नाही. असाहेल पर्डी हे माझ्या पत्नीचे आजोबा. अमेरिकेच्या मेन प्रांतातील बंदरगावांत फिरून ते माणसांची तैलचित्रे काढीत. १८८४ च्या जानेवारीतील ती संध्याकाळ त्यांनी अखेरपर्यंत त्याच त्या शब्दांत सांगितली.

टारबॉक्स कुटुंबातील मर्सी घटसर्पाने दगावली होती. जमीन गोठल्यामुळे दफन वसंतापर्यंत थांबले होते. रिवाजाप्रमाणे घड्याळ बंद. आरशावर काळे कापड. मृत्यू झालेल्या घरात उघड्या आरशासमोर जो बसेल तो पुढचा, अशी तिथली समजूत.

आईला मर्सीचे चित्र हवे होते...

उघड्या डोळ्यांचे.

"हिचे डोळे बघून काढा," म्हणत लोविसाबाईंनी धाकट्या थर्झाला खुर्चीवर बसविले. "दोघींचे सारखेच आहेत. आता एवढीच उरलीय मला."

आई आत गेली.

"पर्डीकाका, नाक मात्र तिचंच काढा हं. माझं बटाट्यासारखं आहे. ती चिडेल."

"हललीस तर बटाटाच येईल."

थर्झा हसली. तिच्या बुटांच्या टाचा खुर्चीच्या पायावर आपटत होत्या.

ठक... ठक...

चित्राकडे पाठ करून ते आरशात पाहण्याची असाहेल यांची सवय होती. तसे पाहिले की चूक तत्क्षणी दिसते. हातातला आरसा मुक्कामी राहिला होता. त्यांनी भिंतीवरील आरशाचे कापड अलगद उतरवले.

आरशात चित्र होते. खिडकी होती. खुर्ची होती...

खुर्चीवर कोणी नव्हते.

ठक... ठक... चालूच होते.

ते गर्रकन वळले. थर्झा जागेवरच होती.

"झालं का, काका? घसा दुखतोय माझा."

त्यांनी घाईने कापड पुन्हा आरशावर टांगले. चित्रातले डोळे पुसण्यासाठी टर्पेंटाइनचा बोळा घासला. रंग नुकताच लावलेला. आठवडाभर ओला राहणारा...

तो दगडासारखा वाळला होता.

त्याच आठवड्यात थर्झाही गेली.

लोविसाबाईंचे पुन्हा बोलावणे आले. नकार देण्याच्या निश्चयानेच असाहेल गेले. बाई त्याच खुर्चीवर बसल्या होत्या.

"आता थर्झाचं काढा."

"कोणाचे डोळे बघून काढू, बाई?"

"माझे. मुली माझ्यावरच गेल्या होत्या."

असाहेल यांची नजर भिंतीकडे गेली. आरसा उघडा होता.

"कापड मीच काढलंय," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही काढलंत ना? ते उलटं टांगलेलं दिसलं मला. नाही म्हणू नका, मिस्टर पर्डी. मागे राहून मी काय करू?"

बाईंचे दोन्ही पाय जमिनीवर स्थिर होते.

तरीही...

ठक... ठक...

असाहेल यांनी कुंचला उचलला. आरशाकडे मात्र पाहिले नाही.

वसंतापूर्वीच लोविसाबाईही गेल्या. वारस कोणीच न उरल्याने दोन्ही चित्रे अखेर आमच्या घरी आली. त्या खोलीत आम्ही आरसा लावलेला नाही. तरी हिवाळ्यात, बाहेर बर्फ साचले की, रिकाम्या खुर्चीचा पाय वाजू लागतो...

आणि त्यातली एक ठकठक मोठ्या माणसाच्या टाचांची असते.