न मारलेला मार

आंघोळ घालताना चिमणीच्या पाठीवरचे निळे-जांभळे डाग दिसले, आणि आत्याचा हात जागच्या जागी थिजला...

"कोणी मारलं गं तुला?"

"कोणीच नाही," म्हणत चिमणी फेसाशी खेळत राहिली.

या आईवेगळ्या भाचीसाठी आत्याने आपलं ठरलेलं लग्न मोडलं होतं. तिचा दादा, चिमणीचा बाप, बसचा ड्रायव्हर. बायको गेल्यापासून त्याच्या नाकावर राग. परवा दूध सांडलं तेव्हा त्याने चिमणीवर हात उगारलेला तिने पाहिला होता. तो हात खाली आला का, हे मात्र स्वयंपाकघरातून दिसलं नव्हतं. की आपणच अंग चोळताना जोर केला? काहीच उमगेना. तेवढ्यात चिमणीच्या नाकातून रक्त आलं आणि आत्या आणि दादा तिला घेऊन दवाखान्यात धावले.

"घरी कुणी मारतं का हिला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

दादाने बहिणीकडे पाहिलं. बापाचं नाव आलं तर पोर त्याच्यापासून तुटेल, या एकाच भीतीने आत्या म्हणाली, "मी मारलं."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. "तू? माझ्या घरात पाऊल ठेवू नकोस पुन्हा."

डॉक्टरीणबाई मात्र चिमणीच्या गालाच्या आतले रक्ताचे ठिपके पाहत होत्या. "इथे कोण मारणार? मध्यंतरी ताप आला होता?"

आला होता, सर्दी-तापाने पोर झोपूनच होती. रक्त तपासलं. तापाच्या विषाणूशी लढता लढता शरीर गोंधळून स्वतःच्याच प्लेटलेट्स मारत होतं. त्या कमी झाल्या की रक्त गोठत नाही, नुसत्या धक्क्यानेही डाग उठतात. "बहुतेक मुलं बरी होतात," त्या म्हणाल्या. "पण सध्या इथेच राहू द्या. आणि आत्याबाई, खोटं बोलून वेळ घालवू नका."

बाहेर दादा तिच्याशेजारी बाकावर येऊन बसला.

"तुला वाटलं, मी मारलं?"

"...हो."

"मला वाटलं, तू." त्याचा आवाज फाटला. "हात आवरला होता मी. पण तुला खरं वाटावं, असा झालोय ना मी?"

हायसं वाटावं की रडावं, तिला कळेना. मनात रागही होता, मायाही.

"पाऊल ठेवू नकोस म्हणालास तू."

"म्हणालो. चुकलो गं."

आतून चिमणीची हाक आली, "आत्या..."

दादा उठला आणि दार उघडून धरत म्हणाला, "आधी तू जा."