नानांना नको होता तो घास

ही गोष्ट खरी आहे.

मी सांगतोय म्हणजे थापच असणार, असं आमच्या गावात कुणीही म्हणेल. झोपलेल्या माणसाची बाज उचलून एसटी स्टँडवर नेऊन ठेवणारा मीच. त्यामुळे ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगत नाही. सांगितली की लोक आधीच हसायला लागतात.

साल शहाण्णव. मे महिना. गाव आमचं, जामखेडच्या अलीकडं.

आणि वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारची होती.

रंभाजी नाना माझे सख्खे चुलते. गवंडी होते. जन्मभर सिमेंट नाकातोंडात गेलेलं, त्यामुळं बोलणं संपलं की एक खोकला यायचाच. कोरडा. खक्-खक्. लांबून ऐकलं तरी कळायचं, नाना आले.

माझ्याकडं एक विद्या होती. कावळ्याचा आवाज मी असा काढायचो की खरे कावळे खाली यायचे. गावात कुणाचा दहावा असला आणि घासाला कावळा शिवत नसला, की लोक नदीकाठी हात जोडून उभे राहायचे. म्हातारे, तुझ्या नातीचं लगीन लावतो. कावळा नाही. म्हातारे, तुझी म्हैस इकत न्हाई. तरी नाही. मग मी बाभळीमागं बसून काव-काव करायचो. कावळे उतरायचे, म्हैस वाचायची.

नानांना याचं लई हसू यायचं. त्यांनी माझ्याकडून ते शिकायचा प्रयत्नही केला. पण त्यांचा कावळा शेवटी खोकायचाच. काव... काव... खक्-खक्. एक कावळा कधी फसला नाही.

छप्पन सालानंतर आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा नाना पोरसवदा होते. पण त्यांनी तो नुसता म्हणायला घेतला नव्हता. आपलं शेवटचं कसं व्हावं, तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. एक दिवस अंगणात बाजेवर पांढरी चादर ओढून झोपले आणि चक्क तालीम घेतली. काकू, म्हणजे त्यांची बायको चांगुणाबाई, शेजारी ज्वारी निवडत बसलेली. नाना चादरीतून सूचना देत होते. मेणबत्ती डोक्याशी. पंचशील सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायचं, नुसते ओठ हलवायचे नाहीत. हिच्या बांगड्या फोडायच्या नाहीत. जलदान विधीला खीर करायची आणि आलेल्याला लिंबाचं रोप द्यायचं.

काकू म्हणाली, "मेलेलं मानूस इतकं बोलत नसतंय."

नानांनी चादर तोंडावरून काढली. माझ्याकडं बघितलं. या वेळी हसत नव्हते.

"छगन्या, माझ्या नावानं घास ठिवायचा न्हाई. मेल्यावर मी ऱ्हातच न्हाई, तर कावळ्यात कुठनं येऊ? माझ्या टायमाला तू त्वांड बंद ठेव. दे शब्द."

मी शब्द दिला. तेव्हा गंमतच वाटली होती.

मे महिन्यात नाना गेले. काम करता करता, भिंतीला टेकून बसले ते उठलेच नाहीत.

मी नागापूरला कंपनीत होतो. निरोप आला, गाडी धरली, आलो. खांदा दिला. पंचशील म्हटलं, मोठ्यानं. मेणबत्ती डोक्याशी लावली. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. मशीनवर उभं राहून हाताला मुंग्या येतात ना, तसं आख्खं अंग झालं होतं. कुणी चहा दिला की प्यायचो. कुणी ऊठ म्हटलं की उठायचो.

पाचव्या दिवशी जलदानही त्यांच्या मनासारखं झालं. खीर झाली, रोपं वाटली.

एक गोष्ट मात्र काकूच्या ध्यानात आली. ती रोज पत्र्यावर भाकरीचे तुकडे टाकायची. नाना गेल्यापासून ते तुकडे तसेच पडून होते. वाळून कडक झालेले.

गावात कावळाच दिसत नव्हता.

उन्हाळा हाय, पाण्याला गेले असतील, असं कुणीतरी म्हणालं. मीही तेच म्हणालो.

पण आवाजसुद्धा नव्हता. पहाटेचाही नाही.

दहाव्या दिवशी दुपारी बनुआत्या घरात नव्हती. बनुआत्या म्हणजे नानांची धाकटी बहीण. तिच्या घरात भिंतीवर बुद्धाचा फोटो होता आणि फोटोमागच्या कोनाड्यात जुना देवही होता. दोघांचं तिला सारखंच. मी आणि काकू शोधत निघालो तर ती नदीत सापडली. नदी कसली, वाळूच ती. मधे थोडं पाणी साठलेलं. आत्यानं दगडावर पत्रावळ मांडून भाताचा घास ठेवला होता आणि उन्हात बसली होती. सकाळपासून. डोक्यावर पदर, ओठ पांढरे पडलेले.

काकूनं तिला पोटाशी धरलं, समजावलं. त्यांना हे नको होतं, त्यांनी सांगून ठेवलंय. आत्या ऐकेना.

"दादा मधीच लोंबकाळतोय. कावळा शिवल्याबिगर मी पानी पिनार न्हाई."

आत्याला शुगर होती. मान एका बाजूला कलायला लागली होती. उचलायला गेलो तर दगडाला धरून बसली.

काकूनं मला बाजूला नेलं.

"छगन, काढ आवाज."

मी म्हणालो, शब्द दिलाय नानांना.

"म्हाईत हाय मला. मी बी त्या बाजंपशी बसले हुते. ते गेले आता. हिला तरी घरी नेऊ."

मी बाभळीमागं गेलो. नेहमीची जागा. नेहमीसारखा खाली बसलो.

वारा नव्हता. पान हलत नव्हतं. आभाळात एक पक्षी नाही.

मी तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

जीभ टाळूला चिकटलेली. परत उघडलं. परत काही नाही...

आणि मग पलीकडच्या काठावरून...

काव...

मी तसाच राहिलो.

काव...

आणि जरा थांबून...

खक्-खक्.

आत्यानं मान वर केली. काकूचा हात तिच्या पाठीवर होता तिथंच थांबला.

कावळा आला नाही. काहीच आलं नाही. घास तसाच होता.

आत्या कितीतरी वेळ पलीकडं बघत राहिली. मग तिनं घास उचलला, मोडला आणि स्वतःच्या तोंडात घातला.

"नको तर नको," म्हणाली. "पानी दे गं वहिनी."

त्या दोघी निघाल्या तसा मी पलीकडं जाऊन बघून आलो. तिथल्या झुडपाखाली कुणी नव्हतं. वाळूवर पाऊल नव्हतं, पक्ष्याचा पंजाही नव्हता. नुसती सपाट वाळू. गिलावा करून थापी फिरवावी तशी.

मला भीती वाटली नाही. खरं सांगतो, तेव्हाही काहीच वाटलं नाही. आत्याला आधार देत चालत राहिलो.

घराजवळ आल्यावर काकू हळूच म्हणाली, "बरं केलंस. पन शेवटी त्यांच्यावानी खोकलास कशाला?"

मी म्हणालो, काकू, मी आवाज काढलाच नाही.

तिनं माझ्याकडं बघितलं. सगळं गाव बघतं तसंच.

"यात तरी थट्टा नको रे."

दुसऱ्या दिवशी पहाटे पत्र्यावर कावळे आले. वाळलेले तुकडे सगळे नेले.

काकू गेली तेव्हाही तिला वाटत होतं की तो मीच होतो. आत्यानं तो विषय कधी काढला नाही. आणि मी त्यानंतर कुणाच्या दहाव्याला बाभळीमागं बसलो नाही. पोरंटोरं म्हणतात, काका, कावळा काढा की. मी बैल काढतो, मांजर काढतो, सरपंच काढतो. कावळा नाही.

आता माझंही वय झालंय. मागच्या महिन्यात बायकोला सगळं सांगून ठेवलं. मेणबत्ती डोक्याशी. पंचशील मोठ्यानं. खीर, रोपं. ती भाजी चिरत ऐकत होती.

"आन घास?" तिनं विचारलं.

नाना म्हणायचे, मेल्यावर माणूस राहतच नाही. ते खरं असेल, तर नदीत खोकलं कोण? आणि ते नाना असतील, तर मग...

बायको सुरी थांबवून माझ्याकडं बघत होती.

मी म्हणालो, नंतर सांगतो.

अजून सांगितलेलं नाही.